‘अंतर्गत बाब’ कोणाची?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा पाठ)



नाट्यसंगीत, संतवाङ्मय, बृहन्महाराष्ट्रातील मराठी शाळा अशा जिव्हाळ्याच्या विषयांच्या पंक्तीत आंतरराष्ट्रीय राजकारणातील नीती हा विषय येऊन बसलेला पाहून आपल्यापैकी काहींना तो अनाहूत पाहुण्यासारखा वाटला असेल. परंतु हा पाहुणा या कलकत्ता शहराला परका नाही. आज ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, तो १९७१ साली या शहराच्या वेशीवर, सॉल्ट लेकच्या मोकळ्या मैदानात, उघड्यावर येऊन बसला होता. आपले मंडळही त्याच दशकातले. तेव्हा हा विषय आपला समवयस्क आहे, एवढ्या नात्याने तरी त्याला आज पाट मांडावा, अशी आमची विनंती आहे.

प्रश्न मांडावयास सोपा आहे. एखाद्या देशातील सत्ता आपल्याच प्रजेची कत्तल करीत असेल, तर शेजारच्या देशाने किंवा जगाने काय करावे? पाहत राहावे की सीमा ओलांडून आत शिरावे?

चाळीत दिवस काढलेल्यांना हा प्रश्न ग्रंथांतून शिकावा लागत नाही. भिंतीपलीकडून रात्री बाईच्या किंकाळ्या ऐकू येतात. एक शेजारी म्हणतो, नवराबायकोच्या मामल्यात तिसऱ्याने पडू नये. आज त्यांचे दार फोडले तर उद्या आपले फुटेल. दुसरा म्हणतो, माणूस मरत असताना दाराचे काय घेऊन बसलात? तिसरा काही बोलत नाही. तो गृहस्थ भाडेकरूंच्या भांडणात आपल्या बाजूचा आहे, याचा तो मनाशी हिशेब करतो आणि कूस बदलून झोपतो. आणि चौथा एक असतो. तो दार फोडावयास सर्वांच्या पुढे धावतो, तोंडाने दयेच्या गोष्टी बोलतो. पण त्या खोलीवर त्याचा पूर्वीपासून डोळा असतो.

राष्ट्रांच्या चाळीतही हेच चौघे राहतात. फरक एवढाच की आपल्या चाळीतून निदान पोलिसांना बोलावता येते. राष्ट्रांच्या चाळीतील चौकीच्या किल्ल्या पाच बड्या भाडेकरूंच्या खिशात आहेत, आणि त्यांपैकी एकाने मान हलवली नाही तरी चौकीचे दार उघडत नाही.

या चौघांना विद्वानांनी भारदस्त नावे दिली आहेत. राज्यांची सार्वभौमता हाच जगाच्या शांततेचा पाया मानणारी एक दृष्टी; राज्याच्या आधी माणूस मोजणारी दुसरी; सत्ता आणि स्वार्थ यांवाचून राष्ट्राराष्ट्रांत दुसरे काही नसते असे मानणारी तिसरी. या तिसऱ्या दृष्टीचा आपल्याकडील आचार्य कौटिल्य. शेजारी तो शत्रू आणि शत्रूपलीकडला तो मित्र, हा त्याचा मंडल-सिद्धांत प्रसिद्धच आहे. (आपल्या मंडळाशी या मंडलाचा काही संबंध नाही, हे कार्यकारिणीच्या निवडणुका जवळ आल्यामुळे स्पष्ट केलेले बरे.) आमचे म्हणणे असे की, या दृष्टी केवळ ‘काय करावे’ एवढेच ठरवीत नाहीत. समोर काय दिसावे, हेही त्याच ठरवतात. एकाला जेथे कत्तल दिसते, तेथे दुसऱ्याला सीमारेषा दिसते आणि तिसऱ्याला बुद्धिबळाचा पट दिसतो. डोळे सर्वांचे शाबूत असतात.

चौथ्या शेजाऱ्यापासून सुरुवात करू, कारण त्याची ओळख आपल्याला सर्वांत जुनी आहे.

जॉन स्टुअर्ट मिल हे नाव आपल्या सुधारकांच्या पिढ्यांनी आदराने घेतले. व्यक्तिस्वातंत्र्यावरील त्याच्या निबंधाने आगरकरांच्या काळातील तरुणांना वेड लावले होते. हा मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरीस होता आणि हिंदी संस्थानिकांशी होणाऱ्या राजकीय पत्रव्यवहाराचे मसुदे तयार करणे हे दीर्घकाळ त्याचे काम होते. १८५९ साली, म्हणजे स्वातंत्र्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, त्याने दुसऱ्या देशांच्या कारभारात हस्तक्षेप न करण्याच्या तत्त्वावर एक छोटा लेख लिहिला. सुधारलेल्या राष्ट्रांनी एकमेकांच्या कारभारात ढवळाढवळ करू नये, असे त्यात आहे. परंतु हा नियम रानटी लोकांना लागू नाही, असेही आहे. आणि त्याच ओघात अवधचे राज्य खालसा करण्याचे समर्थन आहे.

ते समर्थन नुसते थापेबाज असते तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. मिल म्हणतो, जुलमी राजाला एरवी प्रजेच्या बंडाची धास्ती असते. कंपनीने अवधच्या नबाबाला फौजेचे संरक्षण दिले आणि ती धास्ती नाहीशी केली. तेव्हा त्याच्या कुशासनाची जबाबदारी कंपनीवर येते, आणि जबाबदारी असेल तर ते थांबविण्याचे कर्तव्यही येते. युक्तिवाद बिनतोड वाटतो. तैनाती फौजेचा इतिहास आपण मराठी माणसे जाणतो, म्हणूनच त्यातील गाठ आपल्याला दिसते. आधी फौज ठेवून राजाला नादान करावयाचे आणि मग तो नादान झाला म्हणून त्याचे राज्य घ्यावयाचे! साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली पदच्युत करून काशीला धाडले, तेव्हा त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षे कंपनीच्या दारात तिष्ठत राहिले. तेथे न्याय मागणारा हा माणूस आणि कचेरीत मसुदे लिहिणारा तो तत्त्वज्ञ एकाच काळात एकाच शहरात वावरत होते, ही गोष्ट आम्हाला नेहमी चटका लावून जाते. त्यांची कधी गाठ पडली की नाही हा भाग वेगळा. एकाच्या दृष्टीत दुसऱ्याला जागा नव्हती, हे मात्र खरे.

१९३५ साली मुसोलिनी अ‍ॅबिसिनियावर चालून गेला तेव्हा तेथील गुलामगिरी नष्ट करण्याची भाषा त्याच्या तोंडी होती. तेव्हा दया, सुधारणा, सुशासन या शब्दांचा बहर आला की आशिया-आफ्रिकेतील माणूस आपल्या खोलीची कडी आतून घट्ट लावून घेतो. त्याचा हा संशय पुस्तकी नाही. पिढ्यान्‌पिढ्या सोसून आलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर आपण सार्वभौमत्वाचा एवढा हट्ट का धरला, त्याचे उत्तर येथे आहे. एप्रिल १९५४ मध्ये चीनशी झालेल्या करारात पंचशील आले आणि एकमेकांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे हे त्यातील एक शील ठरले. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांच्या दृष्टीने ‘अंतर्गत बाब’ हा शब्द म्हणजे ढाल होती. बलवंतापासून दुर्बलाला वाचविणारी ढाल. ती पुढे दुर्बलातील दुर्बलाच्या छातीवर टेकवली जाईल, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात येणे कठीण होते.

गोव्याचे उदाहरण पाहा. १८ डिसेंबर १९६१ रोजी आपले सैन्य गोव्यात शिरले आणि त्याच दिवशी प्रकरण सुरक्षा समितीपुढे आले. अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांना त्यात संयुक्त राष्ट्रसंघाच्या मरणाची नांदी ऐकू आली. आपले प्रतिनिधी चंद्रशेखर झा यांची भूमिका अशी की, साडेचारशे वर्षांपूर्वी तलवारीने घेतलेला मुलूख हा मुळात आक्रमणच होय. तो सोडविणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरणे नव्हे. युद्ध थांबवून सैन्य मागे घ्यावे असे सांगणाऱ्या ठरावाला सात मते पडली. विरोधी चार मते सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांची. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने ठराव पडला. कायद्याचे पुस्तक दोघांच्याही हाती तेच होते. पण पाश्चात्त्यांना जेथे सीमेचा भंग दिसला, तेथे आशिया-आफ्रिकेला वसाहतीचा अंत दिसला. गोव्याबद्दल मराठी श्रोत्यांना अधिक सांगणे नलगे.

आता दहा वर्षांनंतरची गोष्ट.

२५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने कत्तल आरंभली. विद्यापीठातील वसतिगृहे, पोलिसांच्या छावण्या, हिंदूंच्या वस्त्या हे पहिले बळी. ३१ मार्च रोजी आपल्या संसदेने पूर्व बंगालच्या जनतेविषयी सहानुभूतीचा ठराव केला. त्यानंतर आठ महिने माणसांचा लोंढा वाहत राहिला. डिसेंबरपर्यंत सुमारे एक कोटी लोक भारतात आले. त्रिपुराची लोकसंख्या पंधरा-सोळा लाख. तेथे जवळपास तेवढेच निर्वासित येऊन पोहोचले. या शहरात ज्यांनी तो पावसाळा पाहिला, त्यांना सॉल्ट लेकच्या छावणीतील सिमेंटचे प्रचंड नळ आठवत असतील. सांडपाण्याच्या योजनेसाठी आणून टाकलेल्या त्या नळांत कुटुंबेच्या कुटुंबे राहत होती. त्याच वर्षी या शहरात डोळे येण्याची साथ आली आणि लोकांनी त्या दुखण्याला ‘जय बांगला’ असे नाव ठेवले. कलकत्त्याचा विनोद असा असतो. आधी कुरकुरतो, मग अर्धी भाकरी तोडून देतो.

निर्वासितांत हिंदूंची संख्या फार मोठी होती. ही गोष्ट आपल्या शासनाने त्या वेळी मोठ्याने उच्चारण्याचे टाळले, कारण तिचे पडसाद देशात इतरत्र उमटण्याची भीती होती. येथेही दृष्टीचाच प्रश्न होता. सत्य कोणते हे ठाऊक असूनही त्यातील कोणते जगापुढे ठेवावे, याचा निर्णय राज्यकर्त्यांना करावा लागतो. तो निर्णय चूक होता असे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही. पण ज्यांच्यावर धर्मामुळे प्रसंग ओढवला, त्यांच्या दुःखाचे नावच घेतले गेले नाही, हेही विसरता येत नाही.

जगाने काय केले? अमेरिकेचे ढाक्यातील कॉन्सल जनरल आर्चर ब्लड यांच्या कचेरीतून ६ एप्रिल रोजी वॉशिंग्टनला एक तार गेली. वीस अमेरिकन अधिकाऱ्यांनी तिच्यावर सह्या केल्या होत्या. आपले सरकार कत्तलीचा निषेध करीत नाही, हे नैतिक दिवाळे आहे, असा तिचा आशय होता. परिणाम एवढाच झाला की थोड्याच काळात ब्लड यांना ढाक्याहून हलविण्यात आले. निक्सन आणि किसिंजर यांना तार पोहोचली नाही असे नव्हे. त्यांच्या पटावर त्या वेळी दुसरेच मोहरे होते. जुलै महिन्यात किसिंजर पाकिस्तानात गेले, पोट बिघडल्याची बतावणी करून दृष्टीआड झाले आणि गुपचूप पेकिंगला जाऊन आले. चीनकडे जाणारा तो रस्ता याह्याखानांच्या अंगणातून जात होता. त्या अंगणात रक्त सांडले होते, पण रस्ता मोलाचा होता. स्वार्थाची दृष्टी आंधळी असते असे समजू नये. तिला सर्व दिसते, ती फक्त किंमत लावते.

इकडे जयप्रकाश नारायण मे-जून महिन्यांत देशोदेशी फिरून माणुसकीची भाषा बोलत होते. त्यांचे ऐकून घेणारे पुष्कळ होते, ऐकून काही करणारे थोडे. इंदिरा गांधी शरद ऋतूत पाश्चात्त्य राजधान्यांना भेटी देऊन आल्या. तत्पूर्वी ९ ऑगस्ट रोजी सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला होता. माणुसकीच्या कार्याला तोफांचे पाठबळ लागते आणि तोफा फुकट मिळत नाहीत, याचा हा पुरावा.

३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या तळांवर हल्ले केले आणि युद्ध पेटले. सुरक्षा समितीत आपले प्रतिनिधी समर सेन यांनी, पूर्व बंगालच्या लोकांना यातनांतून सोडविण्याचा शुद्ध हेतू आमच्या मनात आहे, अशा अर्थाचे उद्‌गार काढले. परंतु भारताने कायद्याच्या बाजूने भर दिला तो स्वसंरक्षणावर. एक कोटी माणसे सीमेपलीकडे लोटणे हेही एक आक्रमण आहे, असे आपण सांगितले. हे का? कारण त्या सभागृहातील भाषेच्या व्याकरणात ‘शेजाऱ्याच्या प्रजेला वाचविण्यासाठी’ हे वाक्यच बसत नव्हते. जे कृत्य आपल्या आजवरच्या परराष्ट्रधोरणातील सर्वांत नैतिक म्हणावे, त्याची नैतिक बाजू आपल्याला जवळजवळ कुजबुजत सांगावी लागली.

७ डिसेंबरला आमसभेत मतदान झाले. युद्ध थांबवा, सैन्ये मागे घ्या, या ठरावाच्या बाजूने १०४ देश, विरोधात ११, तटस्थ १०. ते अकरा म्हणजे भारत, भूतान, सोव्हिएत संघ व त्याच्या गोटातील मंडळी. भूतानला राष्ट्रसंघाचे सभासद होऊन तीन महिनेही झाले नव्हते. ब्रिटन, फ्रान्स, नेपाळ तटस्थ. आणि त्या एकशे चारांत बहुसंख्य कोण? वसाहतवादाच्या जोखडातून सुटलेले आपलेच आशिया-आफ्रिकेतील बंधू! गोव्याच्या वेळी आपल्या बाजूने उभ्या राहिलेल्या सिलोनने १९७१ साली पाकिस्तानी विमानांना कोलंबोत इंधन भरू दिले.

या मतदानाचा अर्थ लावताना आपण बहुधा निक्सनला शिव्या देऊन मोकळे होतो. तेवढ्याने भागत नाही. या १०४ देशांतील बहुतेकांना अमेरिकेच्या पटाशी काही कर्तव्य नव्हते. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरात स्वतःचा एकेक पूर्व बंगाल होता. वेगळी भाषा, वेगळा वंश, वेगळा प्रांत. नायजेरियातील बिआफ्राचे युद्ध संपून दोन वर्षेही झाली नव्हती. जुलूम करणारा गोरा आणि सात समुद्रांपलीकडून आलेला असला, तरच त्याला जुलूम म्हणावयाचे. तो आपल्याच वर्णाचा आणि त्याच नकाशातला असला की ती ‘अंतर्गत बाब’. वसाहतवादाशी लढताना घडलेल्या दृष्टीची ही मर्यादा होती. १९६१ साली जी दृष्टी आपल्या कामी आली, तीच १९७१ साली आपल्याविरुद्ध गेली. ती बदलली नव्हती. दुःखाचा पत्ता बदलला होता.

युद्ध १६ डिसेंबरला संपले, पुढील मार्चमध्ये आपले सैन्य बांगलादेशातून परतले. हस्तक्षेपाची नीतिमत्ता सैन्य शिरते त्या दिवसापेक्षा ते परत निघते त्या दिवशी अधिक कळते, असे आम्हाला वाटते. त्या कसोटीला भारत उतरला. मात्र दुसऱ्या एका कसोटीचे काय? युद्धगुन्ह्यांसाठी १९५ पाकिस्तानी अधिकाऱ्यांवर खटले भरावयाचे ठरले होते. एप्रिल १९७४ मध्ये दिल्लीत भारत, पाकिस्तान व बांगलादेश यांचा करार झाला आणि ते सर्व मायदेशी गेले. पाकिस्तानची मान्यता, तेथे अडकलेले बंगाली, उपखंडातील शांतता अशी सबळ कारणे होती. राज्याराज्यांचा हिशेब मिटला. ज्यांच्या घरातली माणसे गेली, त्यांच्या हिशेबाची वही तशीच उघडी राहिली. चीनने तर १९७२ साली आपला पहिला नकाराधिकार वापरला तो बांगलादेशाला राष्ट्रसंघात येऊ न देण्यासाठी. ते सभासदत्व १९७४ च्या सप्टेंबरात मिळाले.

आपले उदाहरण आपल्याला गोड वाटणारच. म्हणून दुसऱ्याचे एक पाहू.

कंबोडियात पोल पॉटच्या राजवटीत पावणेचार वर्षांत पंधरा ते वीस लाख माणसे मेली. कोणी गोळीने, कोणी उपासमारीने, कोणी श्रमाने. देशाची लोकसंख्या ऐंशी लाखांच्या आत. १९७८ च्या नाताळात व्हिएतनामचे सैन्य आत शिरले आणि ७ जानेवारी १९७९ रोजी नोम पेन्ह पडले. कत्तल थांबली. जगाने सुटकेचा निःश्वास टाकला असेल, असे आपल्याला वाटेल. सुरक्षा समितीत फ्रान्सच्या प्रतिनिधीने सांगितले की, राजवट कितीही घृणास्पद असली तरी तेवढ्यावरून परकीय हस्तक्षेप समर्थनीय ठरतो हे मत फार घातक आहे. सिंगापूरसारख्या छोट्या देशाचा प्रश्न याहून रोखठोक होता: शेजाऱ्याचा कारभार वाईट ठरवून मोठा देश आत शिरू लागला, तर आमच्यासारख्यांनी कोठे जावे? हा प्रश्न ढोंगी नव्हे. मिलचा लेख वाचलेल्या माणसाला तर तो मुळीच उडवून लावता येणार नाही.

पण पुढचा भाग ऐका. २१ सप्टेंबर १९७९ रोजी आमसभेने ७१ विरुद्ध ३५ मतांनी, ३४ तटस्थ असताना, कंबोडियाची खुर्ची पोल पॉटच्याच प्रतिनिधींकडे ठेवली. ज्यांनी आपली प्रजा मारली, तेच जगापुढे त्या प्रजेच्या नावाने बोलत राहिले. चीनने फेब्रुवारीत ‘धडा शिकविण्यासाठी’ व्हिएतनामवर स्वारी केली. आपले परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी त्या वेळी चीनच्याच दौऱ्यावर होते आणि दौरा अर्धवट टाकून परतले. जुलै १९८० मध्ये भारताने नोम पेन्हच्या नव्या सरकारला मान्यता दिली व आग्नेय आशियातील कित्येकांचा रोष ओढवून घेतला. आम्हाला तो निर्णय आजही योग्य वाटतो. मात्र व्हिएतनामचे सैन्य तेथे १९८९ पर्यंत ठाण मांडून होते, हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. ते लवकर निघते तर थायलंडच्या सीमेवर टपून बसलेला पोल पॉट परत आला असता, हेही तितकेच खरे. परतण्याची जी कसोटी आम्ही मघाशी मोठ्या ऐटीत मांडली, ती येथे अडखळते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये टांझानियाच्या फौजांनी युगांडात शिरून इदी अमीनला पळवून लावले. युगांडातून १९७२ साली नव्वद दिवसांच्या मुदतीने हाकलले गेलेले गुजराती, गोवेकर आपल्यापैकी काहींच्या परिचयाचे असतील. आफ्रिकी देशांच्या बैठकीत थोडी कुरबुर झाली, पण नव्या सरकारला फारसा त्रास न होता मान्यता मिळाली. कंबोडियात आणि युगांडात घडले ते कृत्य एकाच जातीचे. अंतर तीन महिन्यांचे. अमीनला बडा पाठीराखा उरला नव्हता, पोल पॉटला होता. आम्हाला तरी याहून खोल कारण सापडत नाही.

दुसऱ्यांची झाडाझडती घेताना आपल्या घरातील एक-दोन कोपरेही पाहिले पाहिजेत. नोव्हेंबर १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीतील उठाव चिरडल्यावर, तेथे राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली निवडणुका घ्याव्यात अशा ठरावाविरुद्ध कृष्ण मेनन यांनी भारताचे मत नोंदवले. १९६८ साली चेकोस्लोव्हाकियाच्या वेळी सुरक्षा समितीत आपण तटस्थ राहिलो. रणगाडे बाहेरून आलेले, तरीही आपल्याला तेव्हा सार्वभौमत्वाची आठवण अंधूकच झाली. आणि १९७१ मध्ये आपल्या बाजूने मत देणाऱ्या त्या अकरांत हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकिया होते! त्यांच्या राजवटींनी मत दिले; त्यांच्या रस्त्यांवरील माणसांना विचारले असते तर ती काय म्हणाली असती, कोण जाणे.

श्रीलंकेचा अनुभव आणखी वेगळा. १९८७ च्या जूनमध्ये आपल्या विमानांनी जाफन्यावर अन्नाची पाकिटे टाकली, जुलैत करार झाला आणि तेथील सरकारच्या संमतीने शांतिसेना गेली. ज्या तमिळ जनतेच्या रक्षणासाठी ती गेली, तिच्या नावाने लढणाऱ्यांशीच तिची लढाई जुंपली. मार्च १९९० मध्ये सैन्य परतले तेव्हा सुमारे बाराशे जवान कामी आले होते. हेतू शुद्ध होता, संमतीही होती. ज्यांच्यासाठी जावयाचे त्यांना काय हवे, हे मात्र पुरते विचारले गेले नव्हते.

पुढील तीन प्रसंग आपल्या स्मरणात ताजे आहेत, म्हणून त्यांवर फार वेळ घेत नाही. १९९४ साली रवांडात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. कत्तल चालू असतानाच २१ एप्रिलला सुरक्षा समितीने तेथील शांतिसेना २७० पर्यंत खाली आणली. तेथे कोणाच्या पटावर मोहराच नव्हता. १९९९ साली कोसोव्हात नाटोने राष्ट्रसंघाला न विचारता ७८ दिवस बाँबवर्षाव केला. एका स्वतंत्र आयोगाने त्याला बेकायदा पण न्याय्य ठरविले. तो थांबवावा या रशियाच्या ठरावाला भारत सहप्रस्तावक होता आणि ठराव तीन विरुद्ध बारा मतांनी पडला. १९७१ च्या भारताने १९९९ साली सीमारेषेची बाजू घेतली, याचे काहींना नवल वाटते. आम्हाला वाटत नाही. कोसोव्हातील अल्बानियन मुसलमानांचे हाल आपल्याला दिसत होते, पण त्यांच्याआड आपल्याला काश्मीरही दिसत होते.

२००५ साली सर्व राष्ट्रांनी एकत्र येऊन मान्य केले की, प्रजेचे रक्षण ही प्रत्येक राज्याची जबाबदारी आहे आणि ते उघडपणे अपयशी ठरले तर सुरक्षा समितीमार्फत जगाने पुढे यावे. भाषेचे व्याकरण अखेर बदलले. २०११ च्या मार्चमध्ये लिबियासाठी ते प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. दहा मते बाजूने, विरोधी एकही नाही, भारतासह पाच देश तटस्थ. नागरिकांचे रक्षण करता करता राजवट उलथली, गद्दाफी मारले गेले आणि देशाची शकले झाली. दार फोडणाऱ्यांत चौथा शेजारी होता की नाही, याचा वाद अजून संपलेला नाही. परंतु त्या वादाचा तोटा कोणाला झाला? पुढे सीरियातील माणसे मरू लागली तेव्हा ‘लिबिया आठवा’ एवढे म्हटले की नकाराधिकाराला कारण मिळत असे.

मग आमचे स्वतःचे मत काय? सार्वभौमत्वाची ढाल मोडून टाकावी, असे आम्ही म्हणणार नाही. साताऱ्याची आठवण ठेवणाऱ्याने ते म्हणू नये. पण त्या ढालीवर हक्क कोणाचा? आमच्या मते तो प्रजेचा आहे. राजाच्या हाती ती प्रजेच्या वतीने दिलेली आहे. प्रजेवरच ती उगारली गेली तर निदान तोंडाने ‘ही तुमची अंतर्गत बाब आहे’ असे म्हणण्याचा अधिकार शेजाऱ्याला उरत नाही. आत शिरणे हा फार पुढचा, फार जोखमीचा निर्णय आहे. तो दरवेळी योग्य ठरेलच असे नाही, आणि बहुधा ठरतही नाही. परंतु आर्चर ब्लड यांच्याकडे सैन्य नव्हते. त्यांनी जे दिसले ते लिहून पाठविले. आश्रय देणे, साक्ष ठेवणे, खुनी माणसाला मेलेल्यांची खुर्ची न देणे, एवढे करावयास रणगाडे लागत नाहीत. १९७९ च्या आमसभेला तेवढेही जमले नाही.

आता जो देश १९७१ साली अशा हस्तक्षेपातून जन्मला, त्याच्याच दारात पुढे काय घडले ते सांगून हे लांबलेले भाषण आटोपतो. ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारमधील सात लाखांहून अधिक रोहिंग्या काही महिन्यांत सीमा ओलांडून बांगलादेशात आले. कॉक्स बाजारच्या टेकड्यांवर बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहिल्या. सॉल्ट लेकचे नळ ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी पाहिले होते, तेच आता यजमान झाले. बांगलादेशाने सैन्य पाठविले नाही. त्याच्यापाशी १९७१ च्या भारताचे बळ नव्हते, आणि पलीकडे चीन उभा होता. मोठ्या देशांनी, त्यांत आपणही आलो, म्यानमारशी असलेले आपापले संबंध सांभाळले. ११ नोव्हेंबर २०१९ रोजी पश्चिम आफ्रिकेतील गांबिया नावाच्या, आपल्यापैकी अनेकांना नकाशावर शोधावा लागेल अशा चिमुकल्या देशाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात म्यानमारविरुद्ध वंशसंहाराचा दावा दाखल केला. म्यानमारने हरकत घेतली की, गांबियाची ना सीमा आमच्याशी लागते, ना त्याचे काही नुकसान झाले. त्याला या प्रकरणात बोलण्याचा अधिकारच काय? जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने ती हरकत फेटाळली. वंशसंहारविरोधी करारावर सही करणाऱ्या कोणत्याही देशाला तो प्रश्न विचारता येतो, असे न्यायाधीशांनी ठरविले, आणि खटला पुढे चालू झाला.